पोपटी म्हणजे नेमका कोणता?

मुलांनो, आज एक सोपा प्रश्न विचारते. पोपटी म्हणजे कोणता रंग?

“त्यात काय, पोपटासारखा!” असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण पोपटाच्या पाठीसारखा, की पोटासारखा? पाठ जरा गडद असते आणि पोट पिवळसर. कोवळ्या केळीच्या पानाला कुणी पोपटी म्हणतं, तर कुणी हिरवट. दुकानदार ज्याला पोपटी म्हणतो, त्याला आई म्हणते, “छे, हा तर मेंदी रंग!” आणि मग दुकानातच वाद सुरू होतो.

मराठीत रंगांना किती गोड नावं आहेत पाहा. फुलांवरून आले अबोली, गुलबक्षी, केतकी आणि जास्वंदी. फळांवरून डाळिंबी, जांभळा, अंजिरी, नारिंगी. स्वयंपाकघरातून हळदी, आमसुली, बदामी, दुधी. पाखरांकडून पोपटी, मोरपंखी, पारवा. चुलीतून राखाडी आणि भट्टीतून विटकरी. ही सगळी नावं आपल्या आजी-पणजीने आजूबाजूला बघून ठेवली. बघितलेली वस्तू डोळ्यांसमोर आली, की रंगही आला!

पण एक अडचण आहे. समजा, मुंबईच्या मावशीने फोनवर सांगितलं, “आमसुली ब्लाउजपीस आण.” आपल्या घरचं आमसूल काळपट, तर तिच्या घरचं लालसर. आता काय करायचं? कापडाची लांबी मीटरने मोजता येते. तांदळाचं वजन किलोत होतं. ताप थर्मामीटरने कळतो. रंग कशाने मोजायचा? हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून पडलेला आहे. त्याचं उत्तर कसं मिळत गेलं, आणि त्याचा आपल्या भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांशी काय संबंध आहे, ते आज पाहू.

चार रंगांचं जुनं कोष्टक

भरतमुनींचं नाट्यशास्त्र हा नाटकावरचा खूप प्राचीन संस्कृत ग्रंथ. त्यात नटांनी अंग कसं रंगवावं हे सांगताना रंगांचा चक्क हिशेब मांडला आहे. पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा हे चार मूळचे रंग. बाकीचे मिसळून करायचे. पिवळा आणि निळा मिळून हिरवा. पांढरा आणि तांबडा मिळून कमळाचा रंग. पांढरा आणि निळा मिळून कपोत, म्हणजेच पारव्याचा रंग. आपला ‘पारवा’ रंग किती जुना आहे, कळलं ना?

अजिंठ्याच्या चित्रकारांकडे तर आजच्यासारखी रंगपेटी नव्हती. त्यांनी दगड-मातीतून रंग काढले. तांबड्या आणि पिवळ्यासाठी गेरूसारखी माती, काळ्यासाठी काजळी. हिरवा रंग आपल्याच काळ्या कातळात सापडणाऱ्या हिरव्या खनिजाचा. निळा मात्र इथे मिळत नव्हता. त्यासाठी लाजवर्द नावाचा मौल्यवान दगड अफगाणिस्तानच्या बाजूने यायचा. मोजक्या रंगांतून त्यांनी किती छटा काढल्या, हे अजिंठ्याला गेलात की नक्की निरखून बघा.

न्यूटनने केलं रंगांचं चाक

इंग्लंडमध्ये १६६६ च्या सुमारास आयझॅक न्यूटनने अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून ऊन आत घेतलं आणि ते काचेच्या लोलकातून जाऊ दिलं. समोरच्या भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटला. लोलकच उन्हाला रंग देतो, असं तेव्हा अनेकांना वाटायचं. न्यूटनने त्या पट्ट्यातला एकच रंग दुसऱ्या लोलकातून पाठवून पाहिला. तो बदलला नाही. म्हणजे रंग काचेत नव्हते, ते उन्हातच दडलेले होते!

१७०४ साली छापलेल्या ‘ऑप्टिक्स’ या पुस्तकात त्याने आणखी एक युक्ती केली. रंगांच्या पट्ट्याची दोन टोकं वाकवून जोडली आणि गोल चाक तयार केलं. तुमच्या चित्रकलेच्या पुस्तकात जे रंगचक्र असतं, त्याची ही सुरुवात. आणि इंद्रधनुष्यात सातच रंग का मोजायचे? निसर्गात तशा रेघा आखलेल्या नाहीत. संगीतात सात सूर असतात, तसे न्यूटनने सात रंग धरले. आपणही तेच पाठ करत आलो.

लाल अधिक निळा बरोबर... चिखल?

“मूळ रंग तीन. लाल, पिवळा, निळा. लाल आणि निळा मिळून जांभळा.” हे तुम्ही पाठ केलंच असेल. पण रंगपेटी उघडून खरोखर करून पाहिलंत, की अनेकदा छान जांभळा होतच नाही. काळपट, चिखलासारखं काहीतरी होतं. मग मुलं हिरमुसतात. कुणाला वाटतं रंग वाईट आहेत, कुणाला वाटतं आपला हात वाईट आहे.

दोन्ही खरं नाही. कारण वेगळंच आहे. रंगाचा थर उजेडातला काही भाग शोषून घेतो आणि उरलेला परत पाठवतो. जो परत येतो, तो आपल्याला दिसतो. शेंदराकडे झुकणारा लाल, म्हणजे पेटीतला व्हर्मिलियन, निळा-जांभळा उजेड जवळजवळ गिळून टाकतो. निळा रंग तांबडा उजेड गिळतो. दोघं एकत्र आले की परत यायला उरतं काय? फारच थोडं. म्हणून चिखल! त्याऐवजी क्रिमसन घ्या, म्हणजे गुलाबी-राणी रंगाकडे झुकणारा लाल, आणि तो निळ्यात मिसळा. जांभळा बराच स्वच्छ येईल.

म्हणजे नुसतं ‘लाल’ म्हणून भागत नाही. कोणता लाल, हे सांगावं लागतं.

उजेडाची गंमत आणखी वेगळी. रंग मिसळत गेलो की काळोख वाढतो, पण रंगीत उजेड मिसळत गेलो की लख्ख होतं. स्कॉटलंडच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६१ साली लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उजेडांतून एका रंगीत फितीचं छायाचित्र पडद्यावर दाखवलं. आज टीव्हीच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर जे काही रंगीत दिसतं, ते याच तीन उजेडांच्या ठिपक्यांतून.

आपल्याच जिल्ह्यातला रंगांचा कारखाना

लोणावळ्याजवळ मळवली गाव आहे. लोकल गाडीने जाताना हे स्टेशन लागतं. चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तो पुढे या मळवलीला आला. लक्ष्मी, सरस्वती अशा देवदेवतांची त्यांची चित्रं इथून छापून घरोघरी गेली. जुन्या वाड्यातल्या देवघरात अजूनही एखादी फ्रेम दिसते.

ती चित्रं छापत कशी? एका खास प्रकारच्या गुळगुळीत दगडावर चित्र काढायचं आणि त्यावरून कागदावर छाप घ्यायचा. पण एका दगडावरून एकच रंग! पिवळ्यासाठी एक दगड, गुलाबीसाठी दुसरा, निळ्यासाठी तिसरा, अशी ओळ लागायची. तोच कागद प्रत्येक दगडावर नेमक्या जागी बसला पाहिजे. केसभर सरकला, तर देवीच्या ओठांचा रंग गालावर! म्हणून कारागिराला आधी अख्खं चित्र मनातल्या मनात रंगारंगांत सुटं करावं लागे. लक्ष्मीच्या साडीत पिवळा किती, त्यावर तांबडा किती, हे ओळखायचं. रंगांचा याहून चांगला अभ्यास कोणता?

या छापखान्यासाठी काम केलेल्यांत एक तरुण होते. धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले होते. पुढे रंगीत छपाई शिकायला आणि यंत्रं आणायला ते १९०९ साली जर्मनीलाही जाऊन आले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके ते हेच, बरं का!

आता दगड गेले. आजच्या छपाईत बहुधा चारच शाया असतात. निळसर सायन, गुलाबीसर मजेंटा, पिवळी आणि काळी. एखाद्या रंगीत मासिकाचं मुखपृष्ठ भिंगाखाली धरून बघा. बारीक ठिपकेच ठिपके दिसतील. हिरव्या पानात हिरव्या शाईचा ठिपका शोधा. सापडणार नाही! पिवळे आणि निळे ठिपके शेजारी-शेजारी किंवा एकमेकांवर बसलेले असतात, आणि दुरून आपले डोळे त्यांचा हिरवा करतात.

एका शिक्षकाने केलं रंगांचं झाड

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. रंग मोजायचा कशाने? याचं एक चांगलं उत्तर शोधलं ते अमेरिकेतल्या बोस्टन शहरातल्या एका चित्रकला शिक्षकाने. त्यांचं नाव आल्बर्ट मन्सेल. वर्गात रंग शिकवताना नावांचा घोटाळा त्यांना सारखा अडायचा. १९०५ साली त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. ते म्हणाले, कुठल्याही रंगाला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, तुझं कूळ कोणतं? लाल, पिवळा, हिरवा, निळा की जांभळा? याला ते म्हणाले ‘ह्यू’.

दुसरा प्रश्न, तू किती उजळ? एका टोकाला काळा, म्हणजे शून्य. दुसऱ्या टोकाला पांढरा, म्हणजे दहा. मधल्या जिन्यावर तुझी पायरी कितवी? ही झाली ‘व्हॅल्यू’.

तिसरा प्रश्न, तू किती भडक? करड्याच्या जवळचा मळका, की अगदी झगझगीत? हा ‘क्रोमा’.

तीन उत्तरं मिळाली, की रंगाचा पत्ता मिळाला. गाव, गल्ली आणि घर नंबर मिळाल्यासारखंच. मग मुंबईची मावशी असो की जपानमधला कारखाना, सगळ्यांच्या हाती तोच रंग येतो.

हे तीन प्रश्न आपल्या डोंगरांना विचारून बघा. पावसाळ्यात उघडीप पडली, की तोरणा-राजगडाच्या बाजूला नजर टाका. जवळची टेकडी हिरवीगार. तिच्या मागची रांग निळसर. त्यामागची तर फिकट करडी, आभाळात मिसळल्यासारखी. गवत तिकडेही हिरवंच आहे. मग काय बदललं? मधल्या हवेमुळे रंगाचं कूळ निळ्याकडे सरकलं, उजळपणा वाढला आणि भडकपणा कमी झाला. म्हणून चित्रात सगळे डोंगर एकाच हिरव्याने रंगवले, तर ते एकमेकांना चिकटलेले दिसतात.

मन्सेल यांचं आणखी एक म्हणणं मला फार पटतं. लहान मुलांच्या हातात पहिल्यांदाच झगझगीत रंग देऊ नका, आधी मध्यम, शांत रंग द्या, असं ते सांगत. त्यासाठी त्यांनी शाळांकरता वेगळे रंगखडूही तयार करवले. तिसरी-चौथीच्या वर्गात शिकवताना मला याचा अनुभव येतो. आधी नुसत्या कोळशाने फिकट ते गडद असा जिना काढायला लावला, मग एकाच रंगाच्या छटा, आणि शेवटी रंगचक्र, की मुलं पाने-फुले निराळ्या नजरेने बघू लागतात. “बाई, हे पान हिरवं नाही, पिवळट-मळकट हिरवं आहे,” असं एखादा पोरगा सांगतो, तेव्हा त्याला पाठ केलेलं रंगचक्र म्हणून दाखवायची गरज उरत नाही.

मातीचा पत्ता, पानाचा पत्ता

तुम्ही म्हणाल, हे सगळं चित्रं काढणाऱ्यांसाठी ठीक आहे. आम्ही शेतकऱ्यांची मुलं, आम्हाला काय उपयोग?

वरंध घाटाकडे जाताना रस्त्याच्या कडेला कापलेल्या दरडी बघा. तांबूस माती दिसते. तीच नदीकाठी काळपट होते. चिखलणी केलेल्या खाचरात बराच काळ पाणी तुंबलं, की आतली माती करडी-निळसर दिसू लागते. हे रंग उगीच येत नाहीत. मातीत लोह असतं. त्याला हवा मिळाली, की ते गंजल्यासारखं तांबडं होतं. पाण्याखाली हवा मिळाली नाही, की त्याचा तांबडेपणा जातो. काळेपणा बहुतेकदा कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा असतो. म्हणजे मातीचा रंग वाचता आला, तर तिथे पाणी निचरतं की साचतं, याचा अंदाज येतो.

जगभरचे मृदाशास्त्रज्ञ मातीचा रंग नोंदवायला मन्सेल यांचंच रंगपुस्तक वापरतात. पानापानावर रंगाचे छोटे चौकोन, आणि शेजारी भोकं. भोकामागे मातीचं ढेकूळ धरायचं, जुळणारा चौकोन शोधायचा आणि पत्ता लिहायचा. ‘२.५ वायआर ३/६’ असं लिहिलं, की जगातल्या कुठल्याही मृदाशास्त्रज्ञाला कळतं, ही गडद तांबडी माती. ढेकूळ कोरडं की ओलं, हेही लिहावं लागतं. का, ते अंगणातल्या मातीवर चूळभर पाणी टाकलंत की लगेच कळेल.

त्याहून जवळची गोष्ट भाताची. आपल्याकडे इंद्रायणी, आंबेमोहोर लावतात. भाताला युरिया कधी द्यायचा? शेजाऱ्याने टाकला म्हणून आपणही टाकायचा, असंच पुष्कळदा चालतं. पण पानाला नत्र कमी पडलं, की त्याचा हिरवा फिकट, पिवळट होत जातो. म्हणजे पान स्वतःच सांगत असतं! ते ऐकायला पत्ता वाचता आला पाहिजे. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात यासाठी प्लॅस्टिकची एक पट्टी प्रसारात आणली. तिचं नाव लीफ कलर चार्ट. तिची कल्पना जपानमधली. पट्टीवर पिवळट हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत चार किंवा सहा चौकोन असतात. भारतातही ती वापरली जाते.

वापरायची रीत नीट वाचा. खाचरात वेगवेगळ्या जागी दहा चांगली रोपं निवडायची. प्रत्येकाचं सगळ्यात वरचं, पूर्ण उघडलेलं पान घ्यायचं. ते तोडायचं नाही. पानाचा मधला भाग पट्टीवर ठेवून रंग जुळवायचा. ऊन थेट पडू द्यायचं नाही, आपल्या अंगाची सावली करायची. दर वेळी त्याच माणसाने आणि साधारण त्याच वेळेला बघायचं. दहापैकी सहा किंवा जास्त पानं ठरलेल्या चौकोनापेक्षा फिकट निघाली, तरच युरिया द्यायचा. तो ठरलेला चौकोन भाताच्या जातीप्रमाणे बदलतो, म्हणून तो कृषी सहायकांना विचारून घ्यायचा.

युरिया कमी पडला तर पीक कमी. जास्त झाला तर पैसा वाया, भात लोळतो, कीड वाढते आणि आपल्याकडच्या धो-धो पावसात उरलेलं खत ओढ्याला वाहून जातं. एका हिरव्याचा दुसऱ्या हिरव्याशी असलेला फरक ओळखण्यावर घरचे हे पैसे अवलंबून असतात.

पालकांसाठी थोडंसं

वर्गात एखादं मूल झाडाचं पान तपकिरी रंगवतं, पिकलेली मिरची आणि हिरवी मिरची यांत गोंधळतं. “लक्ष कुठे आहे तुझं?” म्हणून ओरडण्याआधी थांबा. काही मुलांना जन्मापासूनच लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. याला रंगांधळेपणा म्हणतात. आईकडून मुलाकडे येणाऱ्या एका गुणसूत्रामुळे तो मुलग्यांत जास्त आढळतो. हा आळस नाही आणि बुद्धीचाही दोष नाही. जपानी डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली ठिपक्यांच्या आकड्यांची एक सोपी चाचणी छापली. नेत्रतज्ज्ञांकडे ती आजही असते. दोन मिनिटांत कळतं.

लवकर कळलेलं बरं. रेल्वेचालकासारख्या काही नोकऱ्यांत रंग अचूक ओळखावे लागतात. बारावीनंतर अचानक कळण्यापेक्षा आधी माहीत असलं, तर मूल दुसरी वाट निवडू शकतं. वर्गात करायचं एवढंच, की रंगखडूंवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि फळ्यावर लाल-हिरव्यातच फरक दाखवायचा नाही. अशा मुलाला फिकट-गडद पायऱ्या मात्र सहसा छान दिसतात. मन्सेल यांचा तो दुसरा प्रश्न त्याच्याही हातात आहे.

करून बघा

१. काळ्या-पांढऱ्या रंगाने नऊ पायऱ्यांचा जिना काढा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा सारख्याच अंतराने फिकट हवी. दिसतं तितकं सोपं नाही हं!

२. एकाच करड्या कागदाचे दोन सारखे चौकोन कापा. एक काळ्या कागदावर ठेवा, दुसरा पांढऱ्यावर. दोन्ही सारखे दिसतात का? पॅरिसच्या एका कापड कारखान्यात काळा रंग नीट उठत नाही, अशी तक्रार होती. रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी शोधलं, की दोष रंगात नसून शेजारच्या रंगात आहे! १८३९ साली त्यांनी यावर मोठं पुस्तक लिहिलं. रांगोळी भरताना हे आठवा.

३. शाळेच्या वाटेवर खाली पडलेली वीस पानं गोळा करा. फिकट ते गडद अशी मांडा. मग तीच पिवळट ते निळसर अशी मांडा. क्रम बदलला का?

४. घरातल्या सगळ्यांना कागद आणि रंग द्या. एकमेकांचं न बघता प्रत्येकाने ‘पोपटी’ रंगवायचा. आजीचा, आईचा, बाबांचा आणि तुमचा पोपटी शेजारी-शेजारी ठेवा. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. कूळ कोणतं, किती उजळ, किती भडक? मग कुणाचा पोपटी खरा, हे भांडण न करता ठरवता येतं का, ते बघा.